विवराच्या काठावरची उघडी डोकी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ज्वालामुखीवर गेलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाचा मोठा फोटो आपण छापलात. मागे विवरातून उठणारी वाफ, पुढे खेटून उभे दहाबारा जण, आणि मथळा 'मृत्यूच्या तोंडाशी हसतमुख'. मी सव्वीस वर्षे भूशास्त्र शिकवले. माझे लक्ष आधी त्यांच्या डोक्यांकडे गेले. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते.

विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीला नेण्याआधी मी दरवर्षी कोलंबियातल्या गॅलेरास ज्वालामुखीची हकिगत सांगत असे. जानेवारी १९९३ मध्ये जगभरचे ज्वालामुखीतज्ज्ञ त्याच्या पायथ्याच्या पास्तो शहरात परिषदेसाठी जमले होते. १४ तारखेला त्यांतला एक गट वायूचे नमुने आणि गुरुत्वाकर्षणाची मापे घ्यायला विवरात उतरला. दुपारी, काही जण अजून आतच असताना, स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तिथे पाहायला आलेले तीन पर्यटक गेले. ज्वालामुखीच्या हिशेबात उद्रेक लहानच होता, पण तापलेला दगड डोक्यात बसायला मोठा उद्रेक लागत नाही.

इथे थांबून मी मुलांना विचारायचे, "स्फोटाआधी विवरातून वायू कमी येत होता, याचा अर्थ काय?" बहुतेक म्हणत, "शांत आहे." तिथेही अनेकांना तसेच वाटले होते. भूकंपमापकावर मात्र आधीच्या दिवसांत लांबलचक, हळूहळू निमुळत्या होत जाणाऱ्या नोंदी उमटत होत्या. स्क्रूसारख्या आकारामुळे स्पॅनिशमध्ये त्यांना 'तोर्निलो' म्हणतात. गॅलेरासच्याच जुलै १९९२ च्या उद्रेकाआधीही त्या आल्या होत्या. भेगा बुजल्या की वायू बाहेर पडेनासा होतो आणि आत दाब वाढत जातो. नोंदी मोजक्याच होत्या, म्हणून त्या किती गांभीर्याने घ्यायच्या यावर एकमत नव्हते. वर्गात या ठिकाणी नेहमी शांतता पसरायची.

मी स्वतः विवरापर्यंत एकदाच गेले, इटलीच्या व्हल्कानो बेटावर. नमुन्याची बाटली धरणे हे माझे काम. आतली हवा काढून घेतलेली काचेची बाटली, तळाशी कॉस्टिक सोड्याचे द्रावण. नळी वाफेच्या छिद्रात खुपसायची आणि बुडबुडे बघत बसायचे. आम्लधर्मी वायू द्रावणात विरतात, बाकीचे वरच्या पोकळीत साठतात. हे घाईने होत नाही. वारा फिरला की डोळे झोंबतात, मास्क असूनही घसा धरतो. आमच्या गटप्रमुखाने वजन नको म्हणून हेल्मेटे खालीच ठेवायला सांगितली होती. मी ऐकले. मी ऐकले म्हणून माझ्याबरोबरच्या चार विद्यार्थ्यांनीही ऐकले. काही झाले नाही, पण ती टोचणी अजून गेलेली नाही.

गॅलेरासनंतर, १९९४ मध्ये, ज्वालामुखीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुरक्षेच्या सूचना प्रसिद्ध केल्या. हेल्मेट त्यांत आहेच. तरी असे फोटो काढले जातात, आणि छापलेही जातात.

जपानच्या उंझेन ज्वालामुखीवर ३ जून १९९१ रोजी धगधगत्या राखेचा आणि वायूचा लोट आला आणि ४३ माणसे गेली. कात्या व मॉरिस क्राफ्ट आणि हॅरी ग्लिकेन हे तीन ज्वालामुखीतज्ज्ञ त्यांत होते. पण बाकीच्यांत पत्रकार आणि छायाचित्रकार होते, त्यांना घेऊन आलेले टॅक्सीचालक होते, स्वयंसेवी अग्निशामक होते. चांगला फोटो मिळेल अशा जागी लोक जमले होते. एखाद्या वृत्तपत्राला हे मी वेगळे सांगायला नको.

मला या कामाची किंमत ठाऊक आहे. क्राफ्ट दांपत्याने जमवलेल्या चित्रणातून तयार झालेली ध्वनिचित्रफीत फिलिपिन्समधल्या अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली होती. १५ जूनला, उंझेननंतर बाराच दिवसांनी, तिथल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला, तेव्हा हजारो माणसे आधीच दूर हलवलेली होती. जवळ जाऊन काम करणारे हवेतच, आणि ते परतही यायला हवेत.

म्हणून विनंती. पुन्हा असा फोटो आला तर छापण्याआधी त्या गटाला चार गोष्टी विचाराव्यात. आत किती जण उतरले, किती वेळ थांबले, त्या वेळी भूकंपमापकाकडे कोण बघत होते, आणि 'आता परत फिरा' असे रेडिओवर सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता. उत्तरे फोटोखाली छापावीत. मथळ्याला जागा कमी पडली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त भूशास्त्र प्राध्यापिका