नर्स शिकवणं आणि नर्स टिकवणं

लिलाँग्वे, मलावी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की इथल्या मुली शिकून इंग्लंडलाच जाणार असतील तर शिकवायचा एवढा खटाटोप कशाला. आणि आई, तू मागून म्हणालीस, "आधी त्यांना राहायला धड जागा द्या." दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाच्या आहेत, पण फोनवर मावणाऱ्या नाहीत.

बाबांना आकडे आवडतात, म्हणून आधी हिशेब. एका नर्सिंग कॉलेजात वर्षाला ६० जागा वाढवल्या असं धरा. अभ्यासक्रम ३ वर्षांचा, म्हणजे तिसऱ्या वर्षी १८० मुली. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. तोच इथे लावला तर १८ ट्यूटर हव्यात. आता ट्यूटर कोण होते? वॉर्डात आठ-दहा वर्षं काढलेली, इंग्रजी चांगलं असलेली, नोंदणीची कागदपत्रं जागच्या जागी असलेली नर्स. परदेशातल्या रुग्णालयाला नेमकी हीच हवी असते. एक स्टाफ नर्स गेली तर एक पाळी उघडी पडते. एक ट्यूटर गेली तर १० मुलींचं शिकणं अडतं, आणि ती जागा भरेपर्यंत दर वर्षी अडत राहतं. म्हणून किती नर्स गेल्या हे विचारण्याआधी किती ट्यूटर गेल्या हे विचारायला हवं. ते फार थोडे लोक विचारतात.

ट्यूटर मिळाल्या तरी हात कुठे तयार होणार? सगळ्या मुली एकाच जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात पाठवल्या की एका बाळंतिणीभोवती आठ जणी उभ्या राहतात. केलेल्या बाळंतपणांची नोंदवही, म्हणजे केसबुक, भरतं, पण बाळंतपण करता येत नाही. तुकड्या पाडून लांबच्या रुग्णालयांत पाठवायच्या, तर गाडी, डिझेल, मुलींच्या राहण्याची सोय आणि तिथे शेजारी उभं राहून शिकवणारी अनुभवी सुईण, एवढं लागतं. अंदाजपत्रकात इमारतीचा पैसा असतो, डिझेलचा नसतो.

मलावीने हे सगळं एकदा नेटाने करून पाहिलं आहे. २००४ ते २०१० या काळात ब्रिटन आणि ग्लोबल फंड (एड्स, क्षय, मलेरियाशी लढायला पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) यांच्या मदतीने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणीबाणीचा कार्यक्रम राबवला. त्याआधीची काही वर्षं ब्रिटनची रुग्णालयं इथल्या नर्स नेत होती, हेही खरं. ११ संवर्गांच्या पगारात ५२ टक्के भर घातली, कॉलेजं वाढवली, आणि नवी माणसं तयार होईपर्यंत बाहेरून डॉक्टर आणि ट्यूटर आणून खिंड लढवली. त्या संवर्गांतली माणसं २००४ मध्ये ५,४५३ होती, ती २००९ मध्ये ८,३६९ झाली. माझ्या मते यातला खरा शहाणपणा पगार आणि प्रशिक्षण एकाच वेळी हाती घेण्यात होता. नुसता पगार वाढवला असता तर जागा रिकाम्याच राहिल्या असत्या. नुसत्या कॉलेजातल्या जागा वाढवल्या असत्या तर मुली शिकून निघून गेल्या असत्या.

पण पगारवाढ क्वाचा या इथल्या चलनात होती, आणि क्वाचा घसरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलर एका फटक्यात ४४ टक्क्यांनी महाग झाला. पगाराचा आकडा तोच, बाजारातली किंमत उतरलेली. शिवाय तिजोरी आटली की भरती थांबते. मंजूर पदं रिकामी, वॉर्डात माणूस नाही आणि पदवी घेतलेली मुलगी घरी, असं इथे झालेलं आहे. ती परदेशी गेली तर दोष तिला देता येत नाही.

बाबा, तुम्ही बॉण्डचं म्हणालात, म्हणजे शिकल्यावर ठरलेली वर्षं इथेच नोकरी कर, नाहीतर पैसे भर, असं लिहून घ्यायचं. बॉण्डची रक्कम ठरलेली असते. चलन घसरलं की ती किरकोळ होते, आणि परदेशातला पहिल्या काही महिन्यांचा पगार ती फेडून टाकतो. मुदत संपल्याची नोंद ठेवणारा कारकूनही बहुतेक ठिकाणी नसतो. त्यापेक्षा "दुर्गम जिल्ह्यात ३ वर्षं काढ, मग पुढच्या शिक्षणाला पगारी रजा" हे लेखी वचन जास्त धरून ठेवतं. मात्र ते पाळावं लागतं. पहिल्या तुकडीला रजा नाकारली की दुसरी तुकडी विश्वास ठेवत नाही.

गळती देशाबाहेरच होते असंही नाही. एचआयव्हीच्या प्रकल्पांत, स्वयंसेवी संस्थांच्या कचेऱ्यांत नर्स जातात, तिथे पगार जास्त आणि रात्रपाळी नाही. आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली हॉटेलातली पाच दिवसांची कार्यशाळा असते, भत्त्यासकट. त्या आठवड्यात वॉर्ड कोण बघतं? मला हे फार सलतं. तेच शिक्षण पाळी बदलताना, रोज वीस मिनिटं, खाटेपाशी देता येतं.

एक गोष्ट मात्र चांगली चालली आहे. इथे 'क्लिनिकल ऑफिसर' असतात, डॉक्टर नसलेले पण डॉक्टरांची बरीच कामं करणारे, ३ वर्षांचं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप. जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन तेच करतात. शेजारच्या मोझांबिकने १९८४ पासून असेच शस्त्रक्रिया तंत्रज्ञ घडवले. ७ वर्षांनी त्यातले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच होते, तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. त्यांची पात्रता बाहेर चालत नाही, हे एक कारण. पण माणसाला दार बंद करून ठेवलंय एवढ्यावर विसंबणं मला पटत नाही. बढतीची वाट नसेल तर तोही संस्थेत जाणार.

परदेशातून आरोग्य कर्मचारी भरती करण्याबाबतची जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता २०१० ची. आरोग्य कर्मचाऱ्यांचा तुटवडा असलेल्या, २०२३ च्या यादीतल्या ५५ देशांत आपणहून जाऊन भरती करू नये असं ती सांगते, मलावी त्यात आहे. मात्र एखादीने स्वतःहून अर्ज केला तर तो अडवता येत नाही, आणि अडवूही नये. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या नर्सची भरती उघडपणे चालते.

आता आई, तुझ्यासाठी. ग्रामीण आरोग्य केंद्राजवळच्या नर्सच्या क्वार्टरमध्ये काय हवं याची यादी करते आहे: आतून लागणारी कडी, रात्री पाळीवर जायच्या वाटेवर दिवा, विहीर किंवा हापसा १०० मीटरच्या आत, मोबाइल चार्ज होईल एवढं सोलर, स्वयंपाकघराला धुराडं, मुलांना चालत जाता येईल अशी शाळा. तू उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये इतकी वर्षं काढलीस. यात काय राहिलंय ते बाबांकडून लिहवून घे आणि या महिन्यात पाठव, नकाशे मंजुरीला जायच्या आत.

तुमची,
वैशू