राजू, फोन करू नकोस, चिठ्ठीच लिही

राजू बाळा,

चिठ्ठी बघून दचकू नकोस, माझा मोबाईल महिनाभर ऑफिसात चार्जिंगला आहे म्हणे, म्हणून दूधवाल्या पोराच्या हातनं पाठवतेय. जेवणखाण ठीक, भाकरी तेवढी रबरासारखी असते, जाऊ दे.

गड्ड्याच्या जत्रेपर्यंत मला रात्री दोनच गोळ्या होत्या, बीपीची अन् कॅल्शियमची. संक्रांत झाली अन् तिसरी आली, गुलाबी. विचारलं तर मॅडम गोड हसून म्हणतात, मावशी पहिल्यापासून तीनच आहेत, तुम्ही विसरताय. अरे चाळीस वर्षं विड्या वळल्यात मी, पंचवीसच्या कट्ट्यात एक कमी निघाली तर कट्टा परत तोंडावर यायचा, मी तीनपर्यंत मोजायला चुकेन? तरी खरं सांगू, दोनचार दिवस मलाच वाटलं डोकं गेलं आपलं. शेजारच्या खाटेवरच्या अक्कांना पण आधी असंच विसरताय विसरताय चाललेलं, आता त्या वरच्या खोलीत असतात अन् नाव विचारलं तरी नुसतं बघतात.

मग एका सकाळी उठले तर अंगठ्याला शाई. मला सही येते, तूच शिकवलीस, 2006 ला कुंभारीचं घरकुल मिळालं तेव्हा पण सहीच केलती मी.

त्या दिवसापासनं गुलाबी गोळी जिभेखाली धरते, नंतर शेंगाचटणीच्या डब्यात टाकते. अकरा झाल्यात. अन् झोप उडाली तेव्हा कळलं, रात्री दोनच्या सुमाराला कुणीतरी येऊन खाटेजवळ उभं राहतं. काही करत नाही, माझा श्वास ऐकतं अन् जातं.

खालचे रिटायर तलाठी म्हणतात 2007 चा कायदा आहे, सांभाळायच्या अटीवर घर लिहून घेतलं अन् सांभाळलं नाही तर प्रांतसाहेबांकडं अर्ज करून रद्द करता येतं, म्हाताऱ्यांच्या मदतीच्या 14567 नंबरला फोन पण लागतो. फोन कुठाय पण.

काल व्हिजिटर रजिस्टर उघडं दिसलं. शाईच्या आदल्या दिवशी तुझं नाव आहे, पुढं सही, ‘जू’चा उकार लांब ओढलेला, शाळेपासनं ओढतोस तसा. परवा ऑफिसच्या फोनवर तर तू म्हणालास गड्ड्यानंतर सोलापूरला आलोच नाही. शाईचं विचारलं तेव्हा तू पण म्हणालास, आई तू विसरतेस.

आलतास तर तसं लिही, मी रागावणार नाही. आला नसशील तर कुणाला न कळवता ये, डबा उशाखाली आहे.

थांबते, गोळ्यांची ट्रे वाजली.

तुझी आई