पुलावर थांबवलेली गाडी

नेरूळ, नवी मुंबई
९ नोव्हेंबर २०२५, पहाटे पावणेपाच

प्रिय संतोष,

आत्ता तू गोठ्यात असशील. तुझी धारा काढायची वेळ आणि माझी झोपायची वेळ एकच झाली आहे, म्हणून फोनवर आपली गाठ पडत नाही. आणि पडली तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं. चार वर्षं बोलायचं राहिलंय, तर आज लिहूनच टाकतो.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या बीजीएमआय टीमच्या (पब्जीचाच तो भारतातला अवतार) कोचनं मला एकट्याला बोलावलं आणि सांगितलं, आजपासून तू पुढं पळून मारणारा असॉल्टर नाहीस, मागं राहून बाकीच्यांना सांभाळणारा सपोर्ट. गुवाहाटीचा एक सतरा वर्षांचा पोरगा टीममध्ये आलाय. त्याचा हात इतका चालतो की समोरचा दिसेपर्यंत त्याची गोळी गेलेली असते. कोच बरोबरच बोलत होता, पण मला ते गिळेना. पाच वर्षं मी पुढं पळणारा. स्कोअरबोर्डवर माझ्या नावापुढं आकडा नसला तर मला जेवण जायचं नाही. त्या रात्री मी बाल्कनीत बसून राहिलो. कंत्राट सोडून गावाकडं यावं, इथपर्यंत मनात आलं.

दुसऱ्या दिवशी कोच म्हणाला, सपोर्ट म्हणजे काय ते तू स्वतः कधी जवळून बघितलंयस का? एखादं जुनं रेकॉर्डिंग असेल तर काढ आणि तुझ्या सपोर्टकडं बघ, स्वतःकडं बघू नकोस. मी जुना फोन चार्जिंगला लावला. त्यात आपलं २०२१ चं रेकॉर्डिंग निघालं. बीजीआयएसच्या, म्हणजे बीजीएमआयच्या देशभरच्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीची, क्वालिफायरची, ती शेवटची मॅच.

आठवतंय ना ते दिवस? जुलैच्या शेवटी कृष्णा गावात शिरलेली. पाणी उतरलं तसं आपण दिवसभर चिखल काढत होतो, तुझ्या गोठ्यातला आणि आमच्या घरातला. लाईट कधी असायची, कधी नसायची. त्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्वालिफायर. पंधरा मॅच खेळायच्या, त्यातल्या चांगल्या दहा धरणार, आणि सगळ्या देशातून १०२४ टीम पुढं जाणार. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करून आपण घाटाच्या वरच्या पायरीवर बसायचो, कारण रेंज तिथंच यायची. पायऱ्यांना अजून गाळाचा वास होता.

त्या मॅचला आपण मिलिटरी बेसच्या बेटावर उतरलो आणि झोन, म्हणजे ज्याच्या आत राहिलं तरच जगता येतं तो आकसत जाणारा गोल, नेमका पलीकडं गेला. म्हणजे पूल ओलांडण्यावाचून इलाज नाही, आणि पुलावर दुसरी टीम दबा धरून. गाडी तू चालवत होतास. पुलाच्या मध्यावर मी नॉक झालो, गोळ्या लागून खाली पडलो. पुढं काय झालं हे मी चार वर्षं ज्याला त्याला एकाच वाक्यात सांगत आलो : संत्यानं गाडी थांबवली म्हणून आपण बाद झालो.

परवा ते रेकॉर्डिंग मी बारा वेळा बघितलं. गाडी तू आडवी लावलीस, त्यांच्या दोन्ही बंदुकांच्या आणि माझ्या मध्ये. उतरायच्या आधीच पहिला स्मोक, धुराचा गोळा, टाकलास. मग दुसरा, तिसरा, असे चार, आणि ते सगळे एका ठिकाणी टाकले नाहीस तर एका ओळीत, मला पुढं सरकायला वाट राहील असे. मग दहा सेकंद बसून मला उठवलंस. दहा सेकंद म्हणजे केवढी असतात हे मला आत्ता कळतंय. तेवढ्या वेळात ना बंदूक हातात असते, ना पळता येतं. तुझी स्वतःची हेल्थ निम्म्याच्या खाली होती, आणि शेवटची फर्स्ट एड तू माझ्यासाठी खाली टाकलीस. तुझा आवाज अगदी स्वच्छ आलाय : "तू गाडी घे, तू जा रं, मी बघतो." मागं कुठंतरी म्हैस ओरडतेय. मग तू गेलास, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात झोनच्या काठाला मीही गेलो. मी गेलो तो माझ्या चुकीनं. मोकळ्या रानात गाडी घातली, डोंगराच्या आडानं वळायचं सोडून. त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये मी तुला दिलेली शिवी आहे. त्यावर तू काहीच बोलला नाहीस. थोडा वेळ नुसता वारा ऐकू येतो, आणि मग रेकॉर्डिंग संपतं.

आपण १०२४ मध्ये नव्हतो. त्यानंतर महिनाभरात आप्पांचं दुखणं निघालं आणि तू फोन ठेवून गोठा धरलास. मला वाटायचं तू आप्पांमुळं खेळ सोडलास. आता वाटतं, त्यात माझ्या त्या शिवीचा काही वाटा होता का? असेल तर स्पष्ट सांग. माझं चुकलं, संतोष. पूर्ण चुकलं. ही माफी मी मनापासून मागतोय.

आता इथलं सांगतो, कारण तू दर वेळी विचारतोस आणि मी "निवांत" एवढंच म्हणतो.

आम्ही पाच खेळाडू, त्यातला एक राखीव, शिवाय कोच आणि एक अॅनालिस्ट, असे तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. बूटकॅम्प म्हणतात याला. अकराला उठायचं. साडेबाराला आदल्या रात्रीच्या मॅच पडद्यावर लावून बसायचं आणि कोण कुठं चुकला ते काढायचं. तीनला स्क्रिम्स, म्हणजे दुसऱ्या टीमशी सरावाच्या मॅच, रात्री आठला पुन्हा स्क्रिम्स, जेवण, मग ज्याचा त्याचा सराव. सोळा टीम, चौसष्ट पोरं, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या गावात सगळ्यात भारी होता. घाटावर बसून आपल्याला वाटायचं की नेम चांगला असला की झालं. इथं नेम सगळ्यांचाच चांगला आहे. फरक पडतो तो कोण किती आधी बोलतो आणि किती कमी बोलतो यानं.

आमचा आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये हुकूम देणारा, इंदूरचा. पहिला झोन दिसला की तो नुसतं नकाशाकडं बघून सांगतो की कुठली टीम कुठनं सरकणार, कोण कोणाच्या आडवं येणार. आपण त्यात भर घालायची ती मोजकी : दिशा, अंतर, किती जण. "एक सौ साठ, कंपाउंड में दो." बस्स. सगळं हिंदीत चालतं. पण जीवावर आलं की माझ्या तोंडून मराठीच निघते. परवा मी ओरडलो, "डावीकडं, डावीकडं आला!" आणि हैदराबादचा गडी बरोबर डावीकडं वळला. आता तिघांनाही "डावीकडं", "उजवीकडं" आणि "थांब" हे तीन शब्द पाठ आहेत.

सपोर्टची बॅग तुला माहीतच आहे. गोळ्या कमी, स्मोक जास्त. दुसऱ्याला लागेल ते आपण उचलायचं आणि त्यानं मागायच्या आधी त्याच्या पायाशी टाकायचं. मागं राहून पाठ बघायची. हे काम कुठल्या आकड्यात येत नाही. पहिल्या नंबराला १० गुण, मग ६, ५, ४ असे उतरत आठव्याला १, नवव्यापासून खाली शून्य, आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे मारलेल्या गड्याला, १. स्मोकला गुण नाहीत, उठवण्याला गुण नाहीत. मंगळवारी आम्ही एरँगेलच्या नकाशावर चिकन डिनर घेतलं, म्हणजे पहिले आलो, आणि माझ्या नावापुढं शून्य फिनिश. आई यूट्यूबवर बघत होती. तिनं फोन करून काळजीनं विचारलं, "सगळ्यांचे आकडे हायत, तुझाच शून्य कसा रं?" तिला सांगितलं की त्या मॅचला मी तीनदा उठवलं म्हणून चौघं शेवटपर्यंत होतो. ती म्हणाली, "मग ते लिवत का न्हाईत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या दिवशी मला जेवण नीट गेलं.

हाताचं सांगायचं तर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडं, दुखतं. डॉक्टर म्हणाले स्नायूच्या दोरीच्या आवरणाला सूज आहे, विश्रांती घ्या. आठवडाभर पट्टा बांधून बसलो. आता रोज सकाळी गरम पाण्यात हात धरतो आणि फिजिओनं सांगितलेले व्यायाम करतो. आईला सांगू नकोस.

गेल्या वर्षी हैदराबादला लॅन फायनल, सगळ्या टीम एकाच स्टेजवर बसून, खेळलो, त्याचं तुला नीट सांगितलंच नव्हतं. स्टेजवर एसी इतका की बोटं बधिर व्हायची. मॅचच्या आधी आम्ही चौघं तळहात घासत बसायचो. कानात हेडफोन, त्यामुळं लोकांचा आवाज ऐकू येत नाही, पण कोणी मोठी टीम पडली की पायाखालची फळी थरथरते. त्यावरून कळायचं की कुठंतरी काहीतरी मोठं झालं. मला तेव्हा सारखा २०१९ चा मार्च आठवत होता. दहावीचे पेपर चालू आणि आपण तुझ्या माडीवर आवाज बंद करून पीएमआयएसची, पब्जीच्या भारतातल्या स्पर्धेची, फायनल बघत होतो. तीही हैदराबादलाच झाली होती. मुंबईचा नमन माथूर आणि त्याची सोल टीम जिंकली, तेव्हा तू माझ्या मांडीवर एवढ्या जोरात चापट मारलीस की दोन दिवस वळ होता. मी त्याच शहरात स्टेजवर बसलो होतो आणि शेजारी तू नव्हतास. आम्ही नववे आलो. माझ्या मते वाईट नाही, पण चौथ्या-पाचव्याची टीम होती आमची.

पैशाचं विचारशील. आधीच्या टीमनं तीन महिन्यांचा पगार थकवला आणि शेवटपर्यंत दिला नाही. कागद वाचायची अक्कल नव्हती, सही केली होती. आता या वेळी मामेभावाकडून, म्हणजे वकील झालाय त्याच्याकडून, करार ओळ न ओळ वाचून घेतला : बक्षिसातला वाटा किती, मध्येच टीम सोडायची तर बायआऊट, म्हणजे भरायचे पैसे, किती, आजारी पडलो तर काय. आपल्या भागातलं कुठलंही पोरगं या वाटेनं निघालं तर त्याला आधी हे सांग. नेम नंतर.

आणि हा खेळ आपल्या हातात नसतो हे तर आपण दोनदा बघितलंय. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली तेव्हा आपण लहान होतो, रडून मोकळे झालो. पण २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय दोन्ही स्टोअरवरून गायब झाला तेव्हा माझं पोट त्यावर होतं. दहा महिने मी सांगलीत मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवत होतो. आधीच टाकलेला गेम फोनवर चालायचा, पण स्पर्धाच नाहीत तर खेळून काय करणार? त्याच काळात, २३ डिसेंबरला, सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडं दिला आणि नानांनी पेपरातलं ते कात्रण कापून माझ्या पाकिटात ठेवलं. काही बोलले नाहीत. ते कात्रण अजून आहे माझ्याकडं. मे २०२३ मध्ये गेम परत आला आणि मी दुसऱ्याच दिवशी दुकान सोडलं.

या ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच झालं. संसदेत ऑनलाईन गेमिंगचा कायदा झाला आणि टीव्हीवर दिवसभर पट्टी, ऑनलाईन गेमिंगवर बंदी. आईनं घाबरून फोन केला. मी समजावलं की बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, रमी-बिमी. आमच्या स्पर्धांना त्याच कायद्यानं मान्यता दिलीय. तिला पटलं. पण गल्लीत अजून लोक नानांना विचारतात, "पोरगा रमी खेळतो म्हणं?" मला याचा फार त्रास होतो. रमीत घरं बुडाल्याचं आपण दोघांनी जवळून बघितलंय. मी दिवसाचे दहा तास घाम गाळतो आणि एक रुपया कुठं लावत नाही. तुला कोणी असं विचारलं तर नानांच्या वतीनं तूच नीट सांग. तुझं लोक ऐकतात.

तुझं काय चाललंय? आप्पांची साखर आता कशी आहे? थोरली म्हैस व्यायली का? फॅटला दर काय बसतो सध्या? गेल्या वेळी तू म्हणालास पेंडीचं परवडत नाही, त्यावर पुढं काय केलंस ते लिही. व्हॉट्सअॅपवर लिहिलंस तरी चालेल, पण लांब लिही.

डिसेंबरच्या शेवटी आम्हाला आठ दिवस सुट्टी आहे. मी येणार. पहाटे मला उठव, झोपलेला असलो तरी उठव. वैरण मी टाकीन, धारा तू काढ.

हे पत्र उद्या पोस्टात टाकतो. ते पुलाचं रेकॉर्डिंग मात्र आत्ताच तुला पाठवतोय. एकविसाव्या मिनिटापासून बघ. माझी शिवी मी कापलेली नाही, ती राहू दे. पण त्याच्या आधी तुझे चार स्मोक कसे पडलेत ते बघ. आमच्या कोचनं ते दोनदा मागं घेऊन बघितले आणि विचारलं, "ये लड़का अभी कहाँ खेलता है?"

मी सांगितलं, भिलवडीत असतो.

काकूंना आणि आप्पांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
विनू