कडूनिंबाच्या फवारणीविषयी

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर म्हणाले की कडूनिंबाचा पाला उकळून फवारला, तरी कपाशीवरचा मावा हलला नाही, आणि ही सगळी पुस्तकी औषधे आहेत. फोनवर वाद नको, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, दोष कडूनिंबाचा नसावा. किडीला रोखणारे अझाडिरॅक्टिन पाल्यात थोडे आणि निंबोळीच्या बियांत पुष्कळ असते; पाला उकळताना त्यातलेही काही जाते, आणि भर दुपारी फवारले तर उरलेले उन्हाने लवकर निकामी होते. शिवाय ते रासायनिक औषधासारखे किडीला जागच्या जागी मारत नाही. किडीचे खाणे मंदावते, तिला नीट कात टाकता येत नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बांधावरून पाहून निकाल लावू नये.

मृगाच्या सुमारास आईने वेचून वाळवलेल्या निंबोळ्या माळ्यावर असतीलच. त्यांतल्या पाच किलो कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून दोनदा गाळावे, पाव किलोपेक्षा थोडी कमी साबणाची पूड विरघळवून मिसळावी आणि एकूण शंभर लिटर करावे. ही पाच टक्के तीव्रता होते. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असे फवारावे, कारण मावा आणि तुडतुडे तिथेच असतात.

शेजारच्या काकांच्या दशपर्णी अर्काबद्दल, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या फवारणीबद्दल, मात्र माझे मन साशंक आहे. करंज, सीताफळ, निर्गुडी ठीक. पण त्यात कण्हेर आणि रुईही जाते. कण्हेर विषारी असते आणि रुईचा चीक डोळ्याला घातक. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या माणसाने तो पिंप ढवळू नये, एवढा माझा हट्ट समजा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, तेव्हापासून तुम्ही पंप पाठीला लावलात की मला झोप येत नाही. पाल्याच्या अर्कालाही चष्मा आणि हातमोजे हवेतच.

गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून अडकवणारे सापळे, आधीच लावा. सापळे आणि चष्मा मी पोळ्याला येताना आणते.

तुमची,
सुनंदा