श्वास २०, २०, २०

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी शासकीय रुग्णालयात ३१ वर्षं काढलेली अधिपरिचारिका. गेल्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या जावेला न्यूमोनिया झाला, तेव्हा रात्री सोबत मीच थांबले होते. सवयीने पायथ्याचा चार्ट उचलला. श्वासाच्या रकान्यात रात्रभर २०, २०, २०. मी घड्याळ लावून मोजले, ३४ भरले. शेजारच्या खाटेच्या चार्टवरही २०च. सिस्टरला बोल लावणार नाही. अख्ख्या वॉर्डाला ती एकटी होती, आणि खरं सांगायचं तर नाइटला मीही हे '२०' कित्येकदा लिहिलंय.

मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त म्हणजे आजार गंभीर. ते कळायला यंत्र नको, सेकंदकाटा पुरतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना बाळांचे श्वास मोजायला शिकवून न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

तपासणीचं पथक आलं की आमच्याकडे रजिस्टरं, भिंतींचा रंग आणि कचऱ्याच्या रंगीत बादल्या बघतं. (बादल्या हव्यातच.) न्यूमोनियाच्या केसपेपरवर मात्र आल्याआल्या पाहिलेला ऑक्सिजन, मोजलेले श्वास आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसची वेळ बघावी. डोस लिहिल्याची नव्हे, दिल्याची. मधे कधी कधी मेडिकलची रांग असते.

पण नुसत्या वेळेवर गुण देऊ नका. अमेरिकेत ४ तासांत डोस असा निकष लावला, तर निदान पक्कं नसलेल्यांनाही घाईने अँटिबायोटिक दिली जाऊ लागली. निकष ६ तासांवर न्यावा लागला, पुढे काढूनच टाकला.

मृत्यूही फक्त वॉर्डातले मोजू नका. हाताबाहेर चाललेला पेशंट वर रेफर केला किंवा नातेवाइकांची सही घेऊन 'डामा' (डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंट घरी नेला) लिहिला, की आमचा आकडा स्वच्छ! भरती झाल्यापासून ३० दिवसांनी माणूस आहे का, हे रुग्णालयातून एका फोनवर विचारता येतं. त्यासाठी आशाताईंवर आणखी एक रजिस्टर लादू नका. आणि मोठ्या रुग्णालयात जास्त अत्यवस्थ पेशंट येतात, तेव्हा तुलना वय आणि आल्यावेळची तब्येत धरूनच व्हावी.

पुढच्या तपासणीला पथकातल्या एकाने कुठल्याही ५ खाटांजवळ मिनिटभर उभं राहून श्वास मोजावेत आणि चार्टशी ताडून बघावेत. आधी कळवू नये.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका