मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेची धास्ती

मा. संपादक,
स. न.

मूळव्याधीचे रुग्ण डॉक्टरांकडे जाणे वर्षानुवर्षे टाळतात. त्यामागे संकोच असतोच. पण ‘गेलो की ऑपरेशनच सांगतील’ ही धास्ती त्याहून मोठी असते आणि आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत ती बहुतांशी अनाठायी आहे. गुदमार्गाच्या आतील कोंबांच्या (सुजलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींच्या) चार श्रेणी मानतात. नुसते रक्त जाते पण कोंब बाहेर येत नाही, ती पहिली. कुंथताना बाहेर येऊन आपोआप आत जातो, ती दुसरी. या दोन्हींत, आणि तिसऱ्या श्रेणीतील (कोंब बोटाने आत ढकलावा लागतो अशा) काही रुग्णांतही, बाह्यरुग्ण विभागात उपचार घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते.

आधी अर्थातच आहारात दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतुमय घटक, भरपूर पाणी आणि शौचालयात मोबाइल घेऊन रेंगाळण्यास (हे सांगितले की लोक हसतात) मनाई. एवढ्याने रक्त थांबले नाही, तर कोंबाच्या मुळाशी छोटे रबर बँड बसवतात. त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात तो सुकून गळून पडतो. यासाठी सहसा भूल लागत नाही, कारण गुदमार्गातील दंतुर रेषेच्या (आतले अस्तर आणि खालचा त्वचेसारखा भाग यांमधील सीमेच्या) वरच्या अस्तराला त्वचेसारखी वेदना जाणवत नाही; रेषेखाली मात्र जाणवते. बाहेरच्या कोंबांना बँड लावत नाहीत ते याच कारणाने. एक-दोन दिवस शौचास लागल्यासारखे दडपण वाटते. कोंब अनेक असल्यास काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा यावे लागते, आणि पुढे काही वर्षांनी त्रास उलटूही शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते आधीच सांगावे, कारण कोंब गळताना रक्तस्राव होऊ शकतो. नंतर ताप आला, वेदना वाढत गेल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लहान कोंबांसाठी औषधाचे इंजेक्शन किंवा इन्फ्रारेड किरणांचा शेक हेही पर्याय आहेत. अशा अवस्थेत कोणी थेट दाखल होऊन लेझर करून घ्यायला सुचवले, तर ‘बँडने भागणार नाही का?’ असे विचारण्यात रुग्णाने संकोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र गुदद्वारातून जाणारे प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते, असे नाही. तपासणीविना मलमे लावत राहिल्यास मोठ्या आतड्याचा कर्करोगही लपून राहू शकतो. म्हणून बोटाने व प्रॉक्टोस्कोपने (गुदमार्ग आतून पाहण्याच्या छोट्या नळीने) तपासणी आधी व्हावी. आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर कोलोनोस्कोपीबद्दलही (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या तपासणीबद्दल) डॉक्टरांना विचारावे.

आपला,
एक वाचक