दोन ओळीत उरकलेलं ‘कुत्र्याच्या डॉक्टरचं’ करिअर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बारावीच्या निकालानंतर तुमच्या पेपरची करिअर पुरवणी आली ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचली, एसटीत होतो तेव्हापासूनची सवय आहे. एआय झालं, डेटा सायन्स झालं, एमपीएससीला पूर्ण पान, हॉटेल मॅनेजमेंटला अर्धं, आणि एकदम खाली कोपऱ्यात, मेडिकलला नंबर लागला नाही तर पशुवैद्यक हाही पर्याय आहे, प्राणिप्रेमींनी विचार करावा. संपलं. दोनच ओळी, आणि माझं म्हणणं असं की त्या दोन्ही चुकल्यात, म्हणून हे पत्र. लांबलंय, जमलं तर कापून छापा.

मी कोण ते आधी सांगतो. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो आणि गेली ६ वर्षं पोरीच्या दवाखान्यात काउंटरला बसतोय, दवाखाना म्हणजे कुत्र्यामांजरांचा, जुळे सोलापूरला. पावती फाडणं, फोन उचलणं, कुत्र्याला वजनकाट्यावर उभं करणं आणि मावशी सुट्टीवर असल्या की फरशी पुसणं, हे माझं खातं. मी डॉक्टर नाही, पण ६ वर्षं खुर्ची टाकून बघितलंय, त्यामुळं बोलायचा थोडा तरी हक्क आहे की.

पहिली ओळ, नंबर नाही लागला तर. खरं सांगायचं तर मी पण हेच म्हणलो होतो. पोरीचं मेडिकल थोडक्यात हुकलं, डेंटल मिळत होतं, घरात सगळे खूष, आणि ही म्हणली मला उदगीरला जायचंय. उदगीरला काय आहे? व्हेटर्नरी कॉलेज. आमच्या गावाकडं जनावराचा डॉक्टर म्हणजे फटफटीवर येणार, गाईच्या मागं उभं राहून खांद्यापर्यंत हात घालणार आणि बादलीत हात धुवून चहा पिऊन जाणार, त्यामुळं माझ्या डोळ्यासमोर तेच आलं आणि मी बोलून गेलो, पोरीच्या जातीनं हे करायचं का? दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी हिच्या आईनंच बॅग भरायला घेतली. ते वाक्य पोरीनं अजून विसरलेलं नाही, मधनंच ऐकवते, आणि ऐकवू दे, चूक माझीच होती.

कारण शिक्षण बघा ना. आता नीटच्या मार्कांवरच प्रवेश होतो, बारावीला बायोलॉजी पाहिजेच, डिग्री साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. आपल्या राज्यात परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याकडचं शिरवळ ही जुनी सरकारी कॉलेजं, सगळी नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. आणि कुत्र्यामांजरांची अशी वेगळी डिग्री नसते हे पालकांना माहितीच नसतं. आधी गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कोंबडी सगळं शिकायचं. गाईच्या पोटाला चार कप्पे, घोड्याला उलटीच होत नाही, कोंबडीच्या अंगात हवेच्या पिशव्या. माणसाच्या डॉक्टरला एकच प्राणी शिकायचा असतो, तो पण बोलणारा. त्यानंतर आमच्या पोरीनं परळला सर्जरीत दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी., म्हणजे वरची डिग्री, केलं, ते कॉलेज १८८६ चं आहे. मग राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नोंदणी, त्याशिवाय हातात इंजेक्शन धरता येत नाही. म्हणजे बरोबरीचे इंजिनिअर झालेले पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरत होते तेव्हा आमचं शिक्षणच चाललं होतं.

सरकारी वाट पण आहे, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, शिवाय बँका, दूध संघ, औषध कंपन्या, अगदी लष्करात पण घेतात. त्यात मी पडत नाही, मला माहिती आहे ती दवाखान्याची वाट.

ती वाट पैशाच्या बाबतीत सुरुवातीला लई कडक आहे. शिकून झाल्यावर पोरीनं दोन वर्षं पुण्यात मोठ्या दवाखान्यात हाताखाली काम केलं, तिचा पगार माझ्या रिटायरमेंटच्या वेळच्या पगाराच्या निम्मा पण नव्हता. मग सोलापूरला येऊन स्वतःचं काढलं, कर्ज काढून. टेबल, लाईट, एक्स-रे, रक्ताची मशीन, भुलीची मशीन, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, आणि सगळ्यात आधी इन्व्हर्टर, कारण लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३ आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पहिल्या महिन्यात मोजून ११ पेशंट आले, त्यातलं एक कोंबडं होतं. मी मनात हिशोब करायचो की डेंटल केलं असतं तर. बोललो नाही मात्र, एकदा बोलून शहाणा झालो होतो.

आता बरं चाललंय. सोलापुरात कुत्री मांजरं पाळणाऱ्यांची संख्या कोरोनानंतर डोळ्यादेखत वाढली. विजापूर रोड, होटगी रोडच्या अपार्टमेंटमध्ये शिझू कुत्री आणि पर्शियन मांजरं आलीत, आणि कुणीतरी हस्की आणलाय! सोलापुरात हस्की! बर्फातलं जनावर ते, दुपारी फरशीला पोट लावून धापा टाकत पडलेलं असतं. विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा रेडिएटर, आणि ते पग नावाचं चपट्या नाकाचं असतंय त्याचा तर रेडिएटर पण बारका. दर उन्हाळ्यात दुपारी फिरवून आणलेला एखादा पग येतोच, टॉवेलात गुंडाळून.

आता दुसरी ओळ, प्राणिप्रेमींनी विचार करावा. साहेब, प्रेम सगळ्यांनाच असतंय. माझ्या मते या धंद्यात माणसं सोसायची ताकद आधी पाहिजे, कारण पेशंट बोलत नाही, बोलतो तो मालक, आणि तो अर्धं लपवतो. गाडीचं इंजिन तरी खडखड करून सांगतं कुठं दुखतंय, मांजर तर शेवटपर्यंत सांगत नाही, गप कपाटाखाली जाऊन बसतं. एक काका मांजर घेऊन आले, सुस्त, तोंड सुजलेलं, हिरड्या निळसर. पोरगी विचारतेय काही गोळी दिली का, काका म्हणतायत छे. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर आलं, रात्री ताप वाटला म्हणून अर्धी पॅरासिटामॉल दुधातून दिली, लहान पोराला देतो तशी. मांजराच्या लिव्हरला ती गोळी पचवताच येत नाही, रक्त चॉकलेटी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही. पोरीनं दोन दिवस धडपड केली, गेलंच ते. आणि काका काउंटरवर मला म्हणाले, तुमच्याकडं आणलं म्हणून गेलं. आता यावर काय बोलणार? पोरगी आतनं आली, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गोळीचा विषय परत काढलाच नाही. ते गेल्यावर मी भडकलो तर म्हणली, पप्पा, त्यांना कळलंय, म्हणून ते माझ्यावर ओरडले.

हे कुठल्या पुस्तकात शिकवतात मला माहीत नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर मोठी गाडी घेऊन येणारा माणूस लसीवर घासाघीस करतो, ऑनलाईन कमी आहे म्हणतो, आणि पूर्व भागातला लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कामगार पार्व्हो झालेलं गावठी पिल्लू बाजाराच्या पिशवीत घालून आणतो आणि विचारतो मॅडम रोज किती लागतील, मी हप्त्यानं देतो. पार्व्हो म्हणजे पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या, त्या व्हायरसला मारणारं हमखास औषध नाही, सलाईन लावायची, उलटी थांबवायची, दुसरं इन्फेक्शन होऊ द्यायचं नाही आणि पाच सहा दिवस ते टिकतं का बघायचं. लस दीड दोन महिन्यांचं असताना सुरू करून पुढचे डोस वेळेवर दिले तर ही वेळच सहसा येत नाही, पण आपल्याकडं लोक आधी पट्टा आणि वाटी घेतात. तर ते पिल्लू चौथ्या दिवशी सकाळी उठून स्वतःच्या पायावर वाटीपर्यंत गेलं आणि दहीभात चाटला, त्या माणसानं मोबाईलवर शूटिंग करून अख्ख्या कारखान्याला पाठवलं. पुढच्या महिन्यात त्याच कारखान्यातली चार कुत्री लसीला आली. जाहिरात म्हणा पाहिजे तर.

बायका पोरींना अजून एक भोगावं लागतं. स्थळं बघायला लागलो तेव्हा एक पाहुणे पोरीच्या हातावरचे ओरखडे बघून हळूच म्हणाले, हे काय ओ? मांजराची नखं. पुढचा प्रश्न, लग्नानंतर हे चालूच ठेवणार का? चहा पिऊन झाल्यावर मीच म्हणलं, बस चुकेल तुमची. चावे आणि ओरखडे यात धरलेलेच असतात, म्हणून रेबीजची इंजेक्शनं आधीच घ्यावी लागतात, ०, ७ आणि २१ व्या दिवशी. मी काउंटरवरचा माणूस, तरी पोरीनं मला पण टोचायला पाठवलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, आणि तरी कुत्रं चावल्यावर जखमेत मिरची नाहीतर चुना भरून येणारे लोक मी या शहरात या डोळ्यांनी बघितलेत. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, आणि सरळ माणसांचा दवाखाना. पेपर आहे म्हणून लिहून टाकलं.

यात मिळतं काय, ते एका रात्रीवरनं सांगतो. गेल्या मे मधली गोष्ट, एक रिटायर शिक्षिका, एकट्याच राहतात, त्यांची ९ वर्षांची लॅब्राडोर. खात नव्हती आणि पाणी लई पीत होती. बाईंना वाटलं उन्हाळा आहे. पोरीनं एकच विचारलं, माजावर कधी आली होती? दीड महिना झाला. सोनोग्राफी केली तर गर्भाशय पू नं भरलेलं, नसबंदी न केलेल्या वयस्क कुत्रीला हे होतं, आणि ते आतल्या आत फुटलं तर खेळ खल्लास. रात्री साडेनऊला टेबलवर घेतली. धरायला माणूस नव्हता म्हणून मी आत. आयुष्यभर इंजिनं खोलली पण हे बघून माझे पाय लटपटले, बोटाएवढी नळी असायला पाहिजे ती सायकलच्या फुगलेल्या ट्यूबसारखी, आणि पोरगी ती दोन्ही हातांनी इतक्या हळू उचलत होती की जणू आत काच आहे. मधेच लाईट गेली. इन्व्हर्टरवर आली. तिनं मान पण वर केली नाही. बाहेर बाई खुर्चीत बसून, हातात कुत्रीचा पट्टा, त्याला सारख्या गाठी मारतायत आणि सोडतायत. सव्वाअकराला पोरगी बाहेर आली, मास्क काढला आणि म्हणली, झालं, आता श्वास बरोबर आहे. बाईंनी काय करावं, त्या माझ्या पोरीच्या पाया पडायला वाकल्या. सत्तर वर्षांच्या बाई. पोरीनं वरच्यावर धरलं.

मी ३१ वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, चांगल्या केल्या, पण माझ्यासमोर असं कुणी वाकलं नाही. त्या दिवशी तिचा हेवा वाटला, बाप असून वाटला. आठ दिवसांनी बाई टाके काढायला आल्या तेव्हा शेंगाची पोळी घेऊन आल्या, त्यातल्या बहुतेक मीच खाल्ल्या.

झोपवायची वेळ येते त्याबद्दल जास्त लिहवत नाही. जनावर फार यातनेत असलं आणि उपाय संपले की इंजेक्शन देऊन शांत करतात. त्या दिवशी पोरगी फी घेत नाही, मी पावतीबुक ड्रॉवरमध्ये टाकतो, आणि दुपारी ती जेवत नाही. पोरं हे करिअर निवडणार असतील तर आईबापांनी हे पण धरून चालावं, महिन्यातून दोनदा तरी घरात एक ताट झाकून राहतं.

तर साहेब, पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा एवढं करा, ते नंबर न लागल्यास काढून टाका आणि एखाद्या पशुवैद्यकाला फोन करून अर्धं पान तरी द्या. आणि ज्या पोरांना खरंच मनात आहे त्यांनी फॉर्म भरायच्या आधी दोन चार शनिवार कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसावं, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, शनिवारी गर्दी असते आणि फरशी पुसायला माणूस कमीच पडतो. जाताना जुनी चप्पल घालून जावं.

नाव छापू नये ही विनंती, पोरगी रागवेल.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, जुळे सोलापूर